सोळा घंटा आणि काळा पडदा

कानाच्या दवाखान्यात त्याला सगळे दगडोबा म्हणत, आणि तोंडावर म्हणत. त्याला राग येत नसे, कारण चेहरा दगडासारखा ठेवणं हे त्याचं कामच होतं. काचेच्या पलीकडे, जाड दाराच्या खोलीत पेशंटनं हेडफोन लावून बसायचं, आवाज आला की हातातलं बटण दाबायचं, आणि काचेच्या अलीकडे दगडोबाच्या टेबलावर हिरवा दिवा लागायचा. झाली तपासणी. पण माणसं महाचलाख! ऐकू येईनासं झालं की ती तपासणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघतात. भुवई हलली, दाब बटण. खांदा हलला, दाब बटण. आपण बहिरे होतोय हे कबूल करायची हौस कुणाला असते? म्हणून सव्वीस वर्षांत दगडोबानं भुवई हलू दिली नव्हती. सवय इतकी अंगात मुरली की घरीही तोच मख्ख चेहरा. "अहो, चहा चांगला झालाय की वाईट, तोंडावर काहीतरी उमटू द्या," बायको म्हणायची. तो "चांगला झालाय" म्हणायचा, पण भिंतीकडे बघितल्यासारखा.

या दगडाला एक छंद होता. जुन्या कॉम्प्युटरवरचे साहसाचे खेळ, म्हणजे एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जायचं, किल्ल्या शोधायच्या, कोडी सोडवायची, असले. त्याला खेळापेक्षा त्यातल्या संगीताचं वेड. त्या काळच्या कॉम्प्युटरला स्वतःचा गळा नव्हता, पीप पीप करण्यापलीकडे त्याची मजल जात नसे. ज्यांना ऐपत होती ते त्याला एक आवाजाचा डबा जोडत. काळी चपटी पेटी, पुढं दोन बोटांएवढी उजेडाची खिडकी. खेळ सूर सांगणार, डबा वाजवणार. आता डबे मोजके उरलेत, फ्लॉपींना बुरशी चढते आहे, आणि दगडोबासारखे काही वेडे ठिकठिकाणी बसून एकेक खेळ चालवतात, एकेक तुकडा रेकॉर्ड करून जपून ठेवतात. इंटरनेटवर त्यांचा कट्टा आहे. तिथं दगडोबाच्या शब्दाला वजन. "डबा आधी बंद करा, दहा मोजा, मग चालू करा," हा नियम कट्ट्यावर त्यानंच घातलेला. का, तर डबा काही विसरत नाही. आधीच्या खेळानं शिकवलेले आवाज त्याच्या पोटात तसेच राहतात आणि पुढच्या खेळात भलत्याच जागी तोंड वर काढतात.

आणि हा नियम घालणाऱ्या शहाण्यानंच काय केलं होतं, ते आता सांगायचं आहे.

त्याला एक थोरली बहीण, ताई. बत्तीस वर्षांपूर्वी ताईनं अशाच एका खेळाचं संगीत केलं होतं. चौघांची कंपनी, दोन खोल्या, एक डबा. खेळाचं नाव 'शेवटचा दिवा'. एका दीपगृहाचा राखणदार, आणि वादळात नाव घेऊन निघालेली त्याची मुलगी. खेळ फारसा खपला नाही, कंपनी दोन वर्षांत बंद पडली. ताईनं बाजाच्या पेटीला कुलूप घातलं, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोकरी धरली आणि पुन्हा एक सूर लावला नाही. विषय काढला की म्हणायची, "झालं गेलं. जुनं उकरू नकोस." दगडोबानं वीस वर्षांपूर्वी, नवशिका असताना, त्या खेळाचं संगीत रेकॉर्ड केलं. कट्ट्यावर ते फार गाजलं. ताईला ऐकवायला गेला तर तिनं हात हलवला. "नको मला."

तीच ताई एका मंगळवारी त्याच्याकडे आली आणि म्हणाली, "तुझं ते रेकॉर्डिंग ऐकव. शेवटचा तुकडा तेवढा."

कारण गंभीर होतं. तिचा डावा कान केव्हाच गेला होता, आणि तिथं काही बसवून उपयोग नव्हता. उजवाही हळूहळू चालला होता. त्याचा आलेख दर सहा महिन्यांनी दगडोबाच काढत असे, त्यामुळं त्याला तो पाठ होता. खालचे, घोगरे आवाज थोडेफार शिल्लक, वर जाल तसतशी रेघ जिन्यावरून पडल्यासारखी खाली. पुढच्या गुरुवारी त्या कानाचं ऑपरेशन होतं. आत यंत्राची तार बसवायची. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नव्हता. "बोलणं समजेल. पण आज जे काही स्वतःच्या कानानं येतंय, ते बहुतेक जाईल. गाण्याचं काही सांगता येत नाही."

नऊ दिवस होते. दगडोबानं रेकॉर्डिंग लावलं. ताई डोळे मिटून, कानात प्राण आणून ऐकत बसली. मिनिटभरात तिनं डोळे उघडले.

"हे पों पों काय आहे?"

"कुठं?"

"इथं. पुन्हा आलं बघ. भोंगा कसला घातलायस? इथं घंटा आहे माझी."

दगडोबा तोंडाची रेघ न हलवता म्हणाला, "ताई, ते कानामुळं होतं. उंच आवाज बिघडून येतात. पेशंट सांगतात असं."

"पेशंट?" ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. "ठोंब्या, सूर मी लावलेत. घंटा कुठली आणि भोंगा कुठला ते मला कळत नाही? आणि हे ऐकून तुझ्या त्या कट्ट्यावर लोक म्हणतात तरी काय?"

"खूप कौतुक करतात. नाव बुडते त्या वेळी असा भोंगा वाजवायला छाती लागते म्हणतात."

"बुडते?" ताई उठून उभी राहिली. "नाव बुडते म्हणतात?"

"सगळेच म्हणतात."

ती चपला घालून निघून गेली. बायको आतून सगळं ऐकत होती. "पेशंट काय म्हणालात हो तिला! जिभेला काही हाड?"

दगडोबाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्यानं जुन्या वह्या काढल्या. कोणत्या तारखेला काय रेकॉर्ड केलं हे तो पहिल्यापासून लिहून ठेवायचा. 'शेवटचा दिवा'च्या आदल्या ओळीवर नजर गेली आणि तिथंच अडकली. त्याच दिवशी दुपारी त्यानं सर्कशीवरचा एक खेळ रेकॉर्ड केला होता. विदूषक, पडापडी, आणि विदूषकाचा भोंगा. मग डबा बंद न करता थेट ताईचा खेळ चालवला होता. ताईच्या खेळाची त्याच्याजवळची प्रत होती फुकट्यांनी चोरून केलेली. पाच फ्लॉपींचा खेळ चारांत बसवायला त्यांनी सुरुवातीचं दृश्य कापून टाकलेलं. आणि डब्याला घंटेचा आवाज शिकवला जायचा तो नेमका त्या सुरुवातीच्या दृश्यात. डब्याला घंटा कुणी शिकवलीच नाही. त्यानं बिचाऱ्यानं पोटात होता तो भोंगा वाजवला.

वीस वर्षं! वीस वर्षं ताईच्या नावावर विदूषकाचा भोंगा जगभर वाजत होता, आणि दगडोबा स्वतःची पाठ थोपटून घेत होता. वर तिलाच म्हणाला, तुझा कान बिघडलाय.

आता एकच गोष्ट करायची होती. गुरुवारच्या आत खरा तुकडा मिळवायचा आणि तिच्या कानात घालायचा. गुरुवारनंतर मिळाला तर त्याचं काय करायचं?

अस्सल फ्लॉपी ताईनं कधीच फेकून दिल्या होत्या. खेळाची चित्रं काढणारी चित्रकारबाई दुसऱ्या गावी राहायची. दगडोबानं तिला फोन केला. ती म्हणाली, "आहेत बहुतेक. माळ्यावर. पण माझे गुडघे बघता माळा आणि मी, दोघं एकमेकांना विसरलोय." बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी तिचा फोन आला की शेजाऱ्याला चढवलं आणि सापडल्या. सोमवारी पार्सल आलं. पाच फ्लॉपी एका लोकरी मोज्यात घातलेल्या. या सहा दिवसांत दगडोबाचा जीव टांगणीला लागला होता. दवाखान्यात पेशंटचं नाव दोनदा चुकलं. घरी रात्री पाणी प्यायला उठायचा आणि टपालवाल्याची वाट बघत असल्यासारखा दाराशी उभा राहायचा. चेहऱ्यावर मात्र काही नाही. बायकोला कळायचं ते त्याच्या हातांवरून. दोन्ही हात सारखे शर्टाच्या गुंड्या तपासत.

मंगळवारी रजा टाकली. पहिली फ्लॉपी घरघरली, अडली, पुन्हा घरघरली. चौथ्या खेपेला वाचली गेली. त्यानं आधी तिची प्रत काढली, मग डबा बंद केला, दहाच्या जागी वीस मोजले, चालू केला. फ्रिज मध्येच सुरू झाला की रेकॉर्डिंगमध्ये टक असा आवाज उमटतो, म्हणून बायकोनं फ्रिजची पिन काढून ठेवली. सुरुवातीचं दृश्य आलं. आणि डब्याच्या त्या दोन बोटांच्या खिडकीत, त्यानं आयुष्यात कधी न बघितलेली अक्षरं उमटली. 'दिवा लावतेय. जरा थांबा.' ताईनं बत्तीस वर्षांपूर्वी लिहिलेली.

शेवटचं दृश्य तीन मिनिटांचं. खाली समुद्राचा घोगरा, जाड सूर, आणि वर, खूप वर, बारीक स्वच्छ घंटा. मुलीची नाव एकेक खडक ओलांडते तशी त्या खडकावरची घंटा वाजते. सोळा खडक, सोळा घंटा. मग दीपगृहाचं तेल संपतं, दिवा मंदावतो, पडदा काळा होतो. पडदा काळा झाला, सूर थांबले. दगडोबानं सुटकेचा श्वास टाकला आणि सवयीनं खेळ बंद करायची कळ दाबली. मग खात्रीसाठी समुद्र आणि घंटा वेगवेगळे, असेही एकदा रेकॉर्ड केले. ही त्याची नेहमीची पद्धत. दिवसभर फ्रिज लावायचा राहिला आणि दूध नासलं, ते सोडून द्या.

पण फत्ते झाली म्हणून नाचणारा माणूस वेगळा. त्या संध्याकाळी ताईचा आलेख डोळ्यांसमोर आला आणि त्यानं हेडफोन काढून ठेवला. भोंगा घोगरा होता, म्हणून तिला ऐकू आला. घंटा जिथं वाजते तिथं तर तिच्या आलेखाची रेघ कागदाच्या तळाशी टेकलेली. हे त्याला आठवडाभर माहीत होतं. त्यानं ते कानामागं टाकलं होतं, कारण धावपळ चालू असली की माणसाला विचार न करण्याची सोय होते. घंटा खालच्या सुरात आणून ऐकवावी का? म्हणजे पुन्हा खोटंच. आवाज वाढवावा? नुसता कान दुखेल, घंटा येणार नाहीच.

बुधवारी सकाळी अकराला ताईची ऑपरेशनच्या आधीची शेवटची तपासणी होती. संध्याकाळी सहाला दाखल व्हायचं होतं. तपासणी झाली. दगडोबा माईकवर म्हणाला, "ताई, आता तुझा तुकडा लावतो. खरा." तिनं मान हलवली. बटण तिच्या हातातच राहिलं होतं.

समुद्राचा सूर सुरू झाला. पहिली घंटा वाजली. टेबलावरचा हिरवा दिवा लागला.

दगडोबा खुर्चीत ताठ झाला. दुसरी घंटा, दिवा. तिसरी, दिवा. तिला येतंय! आलेख खोटा, मशीन खोटं, सव्वीस वर्षांची अक्कल खोटी, पण तिला येतंय! पाचव्या घंटेपर्यंत त्याला वाटलं, उठून नाचावं. मग आतला तपासनीस जागा झाला. मेला गप्प बसेल तर ना! त्यानं हळूच फक्त घंटेचा आवाज पार बंद केला. समुद्र चालू, घंटा नाही.

सहाव्या घंटेच्या जागी दिवा लागला. सातव्या जागी लागला. अगदी नेमका, केसभर इकडं तिकडं नाही. ताईला काही ऐकू येत नव्हतं. तिला पाठ होतं. ती आपलीच घंटा बटणानं वाजवत बसली होती, डोळे मिटून, आणि इकडं तिचा भाऊ तिची चोरी पकडत होता. त्याला स्वतःची अशी लाज वाटली की त्यानं घंटेचा आवाज पुन्हा मोठा केला. कुणासाठी केला कोण जाणे.

सोळावा दिवा लागून विझला. समुद्र थांबला. रेकॉर्डिंग संपलं. दगडोबा माईकच्या बटणावर बोट ठेवून बसून राहिला. काचेपलीकडे ताईनं हेडफोन काढला नव्हता. डोळे उघडले नव्हते.

आणि हिरवा दिवा आणखी एकदा लागला.

तो उठून आत गेला. ताईच्या समोर बसून, तिला ओठ दिसतील असं म्हणाला, "सोळाच आहेत ना?"

"सतरा."

"सोळा खडक, सोळा घंटा. मग पडदा काळा होतो. संपतं."

"कोण म्हणालं संपतं? पडदा काळा झाला की अकरा सेकंद थांबायचं. काही दिसत नाही, काही वाजत नाही, बसायचं वाट बघत. मग पलीकडच्या धक्क्यावरची घंटा वाजते, एकदाच. म्हणजे पोरगी पोचली." ताईनं त्याच्याकडे बघितलं. "तू कळ दाबलीस?"

दगडोबानं उजव्या हाताचं बोट मुठीत लपवलं.

"सगळ्यांनीच दाबली," ताई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "अरे, म्हणून कुणी काही बोललं नाही. खेळ बाजारात आला तेव्हा रोज वाट बघायचे मी. कुणीतरी लिहील, शेवटच्या घंटेबद्दल एक ओळ लिहील. एकानंही लिहिलं नाही. मला वाटलं, फसली. मला वाटलं, आपल्याला हे जमत नाही. सोडून दिलं मी सगळं."

"ताई..."

"कुणी ऐकलीच नाही रे ती."

घड्याळात साडेबारा झाले होते. दगडोबानं उरलेल्या पेशंटना दुसऱ्या तपासनीसाच्या गळ्यात टाकलं आणि घराकडे जवळजवळ धावत सुटला. घरी येऊन डबा लावला तर खिडकीत उजेड नाही. पिन दाबली, डबा हलवला, उजेड नाही. आजच मरायचं होतं का याला? बत्तीस वर्षं जगला आणि आज?

"अगं, डबा गेला!" तो ओरडला. लग्नानंतर पहिल्यांदाच ओरडला असावा, कारण बायको पळत आली. तिनं भिंतीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "काल दूध नासलं म्हणून मी फ्रिजच्या पिनेला चिकटपट्टी लावली. ती निघत नव्हती, म्हणून सकाळी मिक्सर लावायला दुसरी काढली. तुमच्या डब्याची असेल."

तिनं पिन लावली. खिडकी उजळली. दगडोबानं खेळ चालू केला तशी अक्षरं आली. 'दिवा लावतेय. जरा थांबा.' मग तिनं न सांगता फ्रिजची चिकटपट्टी नखानं सोलून काढली आणि ती पिनही काढली.

सोळा घंटा झाल्या. दिवा मंदावला. पडदा काळा झाला. दगडोबानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. काळ्या काचेत त्याला स्वतःचं तोंड दिसत होतं. चार, पाच. हे नुसतंच बंद पडलं असेल तर? सात. ताईला आठवण चुकीची असेल तर? आता जाऊन तिला काय सांगू? नऊ. बायकोनं त्याचा खांदा पकडला. दहा. अकरा.

संध्याकाळी सातला तो दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर पोचला. ताई पलंगावर पाय लांब करून बसली होती, अंगात दवाखान्याचा ढगळ झगा, हातात वाचायला आणलेलं पुस्तक उलटं.

"मिळालं का रे?"

त्यानं मान हलवली आणि पिशवीतून हेडफोन काढून तिच्यापुढं धरले. ताईनं ते घेतले नाहीत.

"मला कशाला? माझ्या कानाला काय येणार ते तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. तू लाव. तू ऐक. मी तुझ्या तोंडाकडे बघते."

"ताई, माझ्या तोंडावर काय दिसणार?"

"बघू की."

त्यानं हेडफोन लावला आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. समुद्र सुरू झाला. त्यानं सव्वीस वर्षांच्या सवयीनं चेहरा घट्ट आवळला होता. एकेक घंटा येत गेली आणि ताई त्याच्या तोंडावर डोळे रोखून, पांघरुणावर बोटानं एकेक ठोका देत गेली. सोळा झाले. समुद्र थांबला. ताईचं बोट वर राहिलं. त्या शांततेत दगडोबाला आपल्याच छातीची धडधड ऐकू येत होती. उद्या या वेळेपर्यंत ताईला काहीच ऐकू येत नसलं तर? यंत्र बसलंच नाही तर? बोलणंही समजलं नाही तर? वाटेल ते मनात येत होतं, आणि ताई नुसती बघत होती, त्याचे सगळे पेशंट आजवर बघत आले तशी.

मग त्याची भुवई हलली. ओठ थरथरले, डोळे भरून वाहायला लागले, आणि त्यानं काहीही लपवायचा प्रयत्न केला नाही.

ताईनं पांघरुणावर बोट टेकवलं.

"वाजली," ती म्हणाली. "पोचली पोर."